शंभर ग्रॅम चुनखडी

सोमवार, ६ जानेवारी १९८६

वाट लागली! श्यामकांत सरांना कावीळ झाली आणि त्यांचे नववी ‘ब’चे रसायनशास्त्राचे तास माझ्या गळ्यात. मी मराठीची शिक्षिका! मुख्याध्यापिका कर्णिकबाईंना तेच सांगायला गेले, तर चष्म्याच्या वरून बघत म्हणाल्या, “परबबाई, तुम्ही दोन वर्षं सायन्सला होतात ना?”

होते. पण हे यांना सांगितलं कोणी? एवढं कळलंय म्हणजे पुढचंही कळायला वेळ लागणार नाही – बारावीला रसायनशास्त्रात माझी दांडी उडाली, शंभरात एकोणतीस, आणि मी आर्ट्‌सला पळाले. जूनमध्ये माझ्या नोकरीची दोन वर्षं भरतात. कायम करायचं की घरी पाठवायचं, हे कर्णिकबाईच ठरवणार.

“हो बाई,” म्हटलं आणि बाहेर आले.

बुधवार, ८ जानेवारी

धडा कुठला, तर रासायनिक गणितं. अणुभार, रेणुभार, मोल. तेच भूत! बारावीला ह्यानेच मला खाल्लं होतं.

आज मोल शिकवला. डझन म्हणजे बारा, तसा मोल म्हणजे सहावर तेवीस शून्यं. पहिल्या बाकावरच्या कुंदाने विचारलं, “बाई, हे मोजलं कोणी?” मी म्हटलं, “मोठ्या माणसांनी.” वर्गाला पटलं. मला नाही.

सोमवार, १३ जानेवारी

युक्ती सापडली! श्यामकांत सरांच्या कपाटात गाईड आहे, मागे सगळी उत्तरं. आधी उत्तर बघायचं आणि मग तिथपर्यंत पोचायचं. गुणून नाही जमलं तर भागायचं. भागून नाही जमलं तर वजा करायचं. काहीतरी जमतंच!

आजचं गणित – शंभर ग्रॅम चुनखडी भाजली तर चुना किती ग्रॅम मिळेल? गाईडमध्ये उत्तर चव्वेचाळीस. चुन्याचा रेणुभार येतो छप्पन. जुळेना. मग शंभरातून छप्पन वजा केले – झकास, चव्वेचाळीस! फळ्यावर खाली दोन रेघा मारल्या.

मागच्या बाकावरची शकु उठली. वर्षभरात माझ्या मराठीच्या तासाला ही मुलगी चार वाक्यं बोलली असेल. “बाई, चव्वेचाळीस तर वायू ना? तो उडून जातो. उरतो तो चुना.”

मी म्हटलं, “खाली बस. छापलेलं खोटं आहे का?”

बसली.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. शकुने तिळगूळ दिला, गोड बोला म्हणाली नाही.

शनिवार, १८ जानेवारी

घटक चाचणीत मुद्दाम तेच गणित घातलं. एक्केचाळीस मुलींचं उत्तर चव्वेचाळीस – तीनपैकी तीन. स्टाफरूममध्ये सगळ्यांना पेपर दाखवत फिरले. शकुने छप्पन लिहिलंय. शून्य दिलं. लाल पेनने वर लिहिलं – ‘सांगितलेले ऐकावे.’

कर्णिकबाई बुधवारी माझा पाठ बघायला येणार आहेत. कायम होण्याच्या फाईलला लागतो तो. हेच गणित घेणार! वर्गाला झोपेतसुद्धा येईल.

रविवार, १९ जानेवारी

सकाळी गॅलरीत बसून पाठाची तयारी करत होते. बाबा शेजारी पेपर वाचत होते. मी मोठ्याने म्हणत होते, “शंभर ग्रॅम चुनखडी भाजली तर चव्वेचाळीस ग्रॅम चुना...”

बाबांनी पेपर खाली ठेवला. “किती?”

“चव्वेचाळीस.”

“खुळी की काय गो? मुंबैक येवच्या आधी चार वर्सां मी चुन्याच्या भट्टीर होतंय. शंभर किलो शिंपले भाजले काय पंचावन-छपन किलो चुनो मिळता. कळीचो चुनो हां, पाणी मारूच्या आधीचो. अर्ध्यापेक्षा कमी भरलो तर मुकादम आमका चोर म्हणान उभो करीत होतो!”

“बाबा, शिंपले वेगळे, चुनखडी वेगळी.”

“चुनो तोच मां?”

तोच. पाठ केलेली ओळ आठवली – शिंपले म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच.

गाईड मिटलं. आयुष्यात पहिल्यांदा गणित पुढून केलं. कॅल्शियम चाळीस, अधिक कार्बन बारा, अधिक ऑक्सिजन अठ्ठेचाळीस – शंभर. भाजल्यावर कार्बन डायऑक्साइड निघून गेला, चव्वेचाळीस. उरला चुना, छप्पन. दोन्ही मिळून परत शंभर. कुठे काही हरवलं नाही, कुठून काही आलं नाही. एवढंच होतं? ह्याच्यासाठी मी बारावीला दोन महिने रडले?

बाबा गालात हसत होते. सातवी नापास माणूस! मला आधी आनंद झाला. मग शकुचं शून्य आठवलं आणि चहा गोड लागेना.

मंगळवार, २१ जानेवारी

उद्या दुसरं गणित घ्यावं. पाण्याचं घ्यावं. दोन आणि सोळा अठरा, कोणाच्या बापाला चुकता येणार नाही. चुनखडीचं नंतर कधीतरी सांगता येईल, कर्णिकबाई नसताना. हेच शहाणपणाचं. ठरलं.

बुधवार, २२ जानेवारी

नाही जमलं.

कर्णिकबाई मागे शकुच्याच बाकावर जाऊन बसल्या. शकु मान खाली घालून, वहीवर हात ठेवून. मी फळ्यावर ‘पाणी’ लिहिलं. पुसलं. ‘चुनखडी’ लिहिलं आणि म्हटलं, “हे गणित मी तुम्हाला चुकीचं शिकवलं. मी उत्तर बघून गणित करत होते. शकु, इकडे ये आणि बरोबर करून दाखव.”

आली. खडू दोनदा मोडला, पण गणित एकदाही अडलं नाही. छप्पन. तिच्या शून्याचे मी तीन केले, तिथेच, सगळ्यांसमोर. लाल पेनचा शेरा खोडला.

मग दंगा! “बाई, आमचे तीन मार्क परत घेणार?” “बाई, तुम्हीच तर सांगितलंत!” कुंदा उठून म्हणाली, “बाई, मग गाईडला किती मार्क?” सगळा वर्ग हसत सुटला. मीही हसले. खरं तर रडूच येत होतं.

कर्णिकबाई हसल्या नाहीत. वहीत काहीतरी लिहीत होत्या, आणि बरंच लिहीत होत्या. घंटा झाल्यावर वही मिटून गेल्या.

संपलं. घरी बाबांना सांगितलं. म्हणाले, “खरा बोललंस मां? मग जेव.”

शनिवार, १२ एप्रिल

वार्षिक परीक्षेचे पेपर तपासून झाले. श्यामकांत सर बरे होऊन आलेत, पण नववी ‘ब’चे पेपर मीच मागून घेतले. चुनखडीचं गणित आलं होतं. छप्पन, छप्पन, छप्पन! एकीने लिहिलंय पंचेचाळीस. तिला मोलच काय, डझनही कळत नाही. पुन्हा बसवून शिकवणार आहे.

सोमवार, १६ जून

शाळा सुरू झाली. ऑफिसात बोलावणं. हेडक्लार्क अनंतरावांनी माझी फाईल उघडून पत्र पुढे केलं – कायम! सही केली.

पत्राखाली माझा ज्युनियर कॉलेज सोडल्याचा दाखला होता. नोकरीला लागताना मीच जोडलेला, आणि पार विसरलेला. ‘बारावी विज्ञान, रसायनशास्त्रात अनुत्तीर्ण.’ शेजारी पेन्सिलने, कर्णिकबाईंच्या अक्षरात – ‘नववी ब चे तास हिलाच. कुठे अडतं ते हिला ठाऊक असेल.’

खाली तारीख – सहा जानेवारी.