कपाट म्हणा

नाशिक, ऑगस्ट २००४

प्रिय पल्लवी,

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण तुझे साहेब त्यासाठी खोळंबलेत म्हणतेस. तुमच्या ऑफिसच्या इंग्रजी माहितीपुस्तिकेत झेरॉक्स लिहायचं झालं तर सुरुवात एक्सने, आणि तो एक्स कॅपिटल. झेडने लिहितात ते दुकानांच्या पाट्यांवर. ते एका कंपनीचं नाव आहे, कामाचं नव्हे. यंत्र त्या कंपनीचं नसेल तर सरळ फोटोकॉपी लिही. अशा नावाचं क्रियापद करायचं नाही, अनेकवचनही नाही. एस्केलेटर हे एकेकाळी असंच कुणाच्या तरी मालकीचं नाव होतं. तो हक्क गेला, आता पहिलं अक्षर लहान चालतं. शंका आली तर नवा शब्दकोश उघडायचा, शेजारच्या टेबलावर विचारत बसायचं नाही. मराठीत कॅपिटलची सोयच नाही, म्हणून आमच्या गंगापूर रोडच्या छापखान्यात मी कंपनीचं नाव एकेरी अवतरणात घालते. मालकांनाही तो नियम मोडू देत नाही.

घरात मात्र तो कधी चालला नाही. बाबा शेतकी खात्यातर्फे सुरगाण्याला होते तेव्हा टपावर माणसं बसलेली कुठलीही गाडी त्यांच्या लेखी जीपच. कपडे धुवायची कुठलीही पावडर म्हणजे सर्फ. तुला आठवत असेल, किराणावाल्या गोटीरामने एकदा फाटकातून ओरडून विचारलं होतं, “वहिनी, दादांनी डालडा सांगितलाय. रथचा डालडा देऊ का?” डालडा आणि रथ ही दोन वेगळ्या कंपन्यांच्या तुपांची नावं, म्हणून मी त्याला वनस्पती तूप म्हणायला शिकवत होते आणि तुम्ही दोघं आत पोट धरून हसत होता. “तुझी आई बाजारातसुद्धा प्रुफं तपासते गं,” असं बाबा म्हणाले होते. मी ऐकलं होतं.

आता फोनवर जे सांगितलं नाही ते लिहिते. मे महिन्यात बाबांना पक्षाघाताचा झटका आला तेव्हा हातात थोडी कमजोरी आहे, एवढंच मी तुला कळवलं. हात बरा आहे. गेली आहे ती वाचा. तू फोन केलास की झोपलेत, आंघोळीला गेलेत, असं सांगत आले. तुझी नोकरी कायम व्हायची होती, म्हणून. सगळं बोलणं गेलेलं नाही. नेहमीचे शब्द गेले, कंपन्यांची नावं तेवढी राहिली. का ते डॉक्टरांनाही नीट सांगता आलं नाही. पाणी हवं असलं की बिसलेरी म्हणतात, मग ते तांब्यातलं का असेना. माझं नाव येत नाही. मला हाक मारायची असली तर टेबल वाजवतात.

बोलायला शिकवायला सृष्टी नावाची मुलगी येते. ती चित्रं दाखवते. कपाटाच्या चित्राला बाबा “गोदरेज” म्हणाले आणि मी लगेच म्हटलं, “कपाट म्हणा.” ती मला म्हणाली, “काकू, तुम्ही जरा बाहेर बसता का?” माझ्या घरात मला बाहेर बस म्हणाली. मी बसले.

संध्याकाळी ते ओट्यावर फाटकाकडे तोंड करून बसतात आणि मला विचारतात, “लूना?” सुरुवातीला मी सांगायचे, लूना विकली, पल्लवी बंगळूरला गेली त्याच वर्षी विकली. ते खुर्चीच्या हातावर थापट्या मारायचे, पुन्हा तेच. मी म्हटलं, मोपेड म्हणा, आणि विकली. मग एके दिवशी शेजारची मुलगी तोंडाला ओढणी बांधून गाडीवरून आली. तिने फाटकापाशी ब्रेक मारला तसे बाबा अर्धवट उठले. तिने ओढणी सोडली, तसा बाबांनी तिचा चेहरा पाहिला आणि ते खाली बसले. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कॉलेजातून लूनावरून यायला तुला उशीर झाला की असेच फाटकाशी उभे राहायचे. ते गाडीबद्दल विचारत नव्हते. त्या दिवसापासून “लूना?” म्हटलं की मी “येतेय” म्हणते. मग जेवतात. मी खोटं सांगते आहे असं मला वाटत नव्हतं. आताही काही वाटत नाही. पोळ्या करते, मुद्रितं तपासते, त्यांच्या गोळ्या देते. रडू आलेलं नाही, त्याची तू काळजी करू नकोस.

गेल्या आठवड्यापासून त्यांनी विचारणं बंद केलं आहे. फाटकाकडे बघतात, पण नुसतं बघतात. डॉक्टरांच्या मते आणखी एक लहानसा झटका येऊन गेला असावा. काल संध्याकाळी मीच त्यांच्याजवळ बसून विचारलं, “लूना?” मोपेड नाही, लूनाच म्हटलं. दोनदा म्हटलं. घरी आलेल्या पाहुण्याकडे बघावं तसे ते माझ्याकडे बघत राहिले, आणि सरकून मला बसायला जागा करून दिली. तुला बोलवायला मी हा शब्द जाण्याची वाट बघायला नको होती. तू आलीस तर ते ओळखतील की नाही, मला सांगता येत नाही, आणि ओळखतील असं मी लिहिणार नाही. तरी ये. पुस्तिका दुसऱ्या कुणाकडे सोपव, रजेचा अर्ज हे पत्र मिळेल त्याच दिवशी दे. फाटकाची कडी वाजवून आत ये, त्यांच्यासमोर उभी राहा. बाकी काय करायचं ते मलाही माहीत नाही.

वाट पाहणारी,
तुझीच आई