रेकॉर्डवरचे हात

३ मार्च १९७८, शुक्रवार

मी नाहीये! आमच्या पहिल्यावहिल्या रेकॉर्डवर मी नाहीये!

अक्षर वेडंवाकडं येतंय. येऊ दे. संध्याकाळी डूगी रेकॉर्डचं खोकं घेऊन आला. स्वतः चिंब भिजलेला, खोकं मात्र कोटाखाली कोरडं. कव्हरवर छापलंय — गिटार आणि गाणं: डूगल्ड मकफेल. ड्रम: एल्सी रँकिन. आईने माझ्या नावावरून बोट फिरवून फिरवून वाचलं. खालच्या मजल्यावरची शेजारीण नेटीमावशी हात पुसत धावत वर आली. बाबा स्वयंपाकघरात पेपर धरून बसले. 'तो गोंगाट माझ्यापुढे नको!' — त्यांच्या बॅगपाइप बँडात ते पोरांना ड्रम शिकवतात, मलाही त्यांनीच शिकवला. मी तो बँड सोडून डूगीच्या बँडमध्ये गेले, तेव्हापासून हेच पालुपद.

सुई टेकली. 'शेवटची बोट' सुरू झालं.

ग्लासगोला रेकॉर्डिंग करताना शेवटच्या ओळीआधी माझ्या हातातून काठी सुटली होती. एक ठोका गेलाच. सगळे हसलो आणि म्हटलं, राहू दे तसंच. इथे तो ठोका आहे! चांगला वाजलाय!

'काय हात आहे गं पोरीचा!' — मावशी. मी नुसते दात दाखवले.

४ मार्च, शनिवार

घरात कोणी नाही बघून पुन्हा ऐकलं. कान स्पीकरला लावून. परत परत.

माझं वाजवणं धबाधबा. आणि हा जो कोण आहे, तो बारीक, घट्ट, दाणेदार वाजवतो. पण थांबतो माझ्या जागेवर. घाई करतो तीही माझ्याच जागेवर! माझी नक्कल करणारा हा मेला आहे तरी कोण? घरात चोरी झाली तर पोलिसात जाता येतं. या चोरीला काय म्हणायचं? वर कव्हरवरही माझंच नाव छापलंय!

५ मार्च, रविवार

जेवले नाही. आई म्हणते, 'नाव छापून आलं की भूक मरते वाटतं?'

६ मार्च, सोमवार

डूगीला धक्क्यावर गाठलं. व्हिनेगर शिंपडलेल्या गरम बटाट्याच्या चिप्स पुड्यातून खात होता निवांत.

'ड्रम कोणी वाजवलेत?'

'तूच की.'

'डूगी, हा पुडा व्हिनेगरसकट तुझ्या डोक्यावर रिकामा करीन.'

मग बोलायला लागला. आजी गेली म्हणून मी आणि आई तिच्या गावी थर्सोला होतो ना, तेव्हा. स्टुडिओतल्या माणसाने चुकून टेपवरचे माझे ड्रम पुसून टाकले. फक्त माझे! बाकी सगळं शाबूत. कंपनी म्हणाली, टेप दोन दिवसांत द्या, नाहीतर विसरा. ग्लासगोचे दोन नावाजलेले ड्रमर बोलावले. दोघेही दुसऱ्या कडव्यात तोंडावर आपटले.

'का?'

'कारण तिथे तू धावतेस, बाई! नेहमीच धावतेस. आणि आम्ही तुझ्यामागे धावत वाजवलेलं. घड्याळासारखा वाजवणारा माणूस तिथे मागे राहतो. तुझं धावणं ज्याला पाठ आहे, असाच कोणीतरी हवा होता.'

'मग कोण सापडला?'

'शपथ घातलीय मला.'

'आणि मला फोन करायला काय हात मोडले होते?'

डूगीने मान खाली घातली. 'तुमच्या घरात मयत होतं गं. कुठल्या तोंडाने करणार होतो?'

पुडा नाही ओतला. पण निघताना लाथ मारली त्याच्या सायकलीला.

८ मार्च, बुधवार

रेडिओवर लागलं! मी कामाला जाते त्या साखर कारखान्याच्या कँटीनमध्ये, ऐन जेवणाच्या सुट्टीत. पॅकिंगच्या बायकांनी टेबलं बडवली, मला खुर्चीवर उभं केलं. मोठी जीन रडायलाच लागली. 'आपली एल्सी! आपल्या ग्रीनॉकची एल्सी!' सुपरवायझरनेसुद्धा टाळ्या वाजवल्या, तो कधी साधं हसत नाही.

मला वाटलं, जमीन फाटावी आणि गडप व्हावं. एवढ्या वर्षांत जे हवं होतं ते सगळं आज मिळालं, आणि त्यातलं काहीच माझं नाही. संडासात जाऊन रडले.

घरी येताना डूगीला सांगून आले, शनिवारच्या टाऊन हॉलमधल्या कार्यक्रमात मी वाजवणार नाही. बँड सोडला. तो शपथवाला माणूस बसव. डूगी 'एल्सी, ऐक तरी' करत कोपऱ्यापर्यंत मागे आला. मी वळून बघितलं नाही.

१० मार्च, शुक्रवार

आज बाबांना सांगितलं. म्हटलं, घ्या, तुमच्या मनासारखं झालं. सोडला मी तो गोंगाट.

वाटलं होतं, 'आली ताळ्यावर' म्हणतील. पेपर खाली ठेवला. 'का?'

'रेकॉर्डवर माझे हात नाहीत. दुसऱ्याच्या हातांवर टाळ्या घ्यायची मला लाज वाटते!'

बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. मी घाबरलेच! त्यांनी कोट चढवला आणि बाहेर. आई विचारते, 'काय बोललीस गं त्यांना?' मला काय माहीत!

११ मार्च, शनिवार

बाबा! ते हात बाबांचे आहेत!

सकाळी दाढी करत होते. आरशातूनच बोलले, माझ्याकडे वळले नाहीत. 'बाहेरचा कोणी जमला असता, तर कंपनीने त्यालाच ठेवून घेतला असता. तुला कुणी परत बोलावलं नसतं. डूगी रडत आला, मी ग्लासगोला गेलो. तुला ओळखू येईल असं वाटलं नव्हतं.' मी दाराला धरून उभी. त्यांनी गालावरचा फेस पुसला.

'जन्मभर पोरांवर ओरडत आलो — धावू नका, धावू नका! आयुष्यात एकदाच ताल सोडून धावलो, एल्सी, तुझ्यामागे. आणि तेवढंच नेमकं रेकॉर्डवर निघालं.'