प्रदर्शनवस्तू क्रमांक चौदा

प्रति,
मा. संचालक,
बालविज्ञान संग्रहालय.

विषय : माझा डावा पाय काचेच्या कपाटात न ठेवण्याबाबत.

संदर्भ : १) भांडार विभागाची वार्षिक पडताळणी. २) झिजलेल्या प्रदर्शनवस्तूंविषयीचा आपला सोमवारचा आदेश.

महोदय,

मी आपल्या 'शरीर आणि यंत्र' या दालनात एकोणीस वर्षे तंत्रज्ञ आहे. यंत्र माणसाच्या शरीराला कशी मदत करते, हे मुलांनी स्वतः करून पाहावे म्हणून हे दालन आहे. मुले रबरी हृदय दाबून लाल पाणी नळ्यांतून फिरवतात, दोऱ्या ओढून प्लास्टिकच्या पंजाने चेंडू उचलतात आणि पाणी सांडले की मला हाक मारतात. दारावरचे 'जैववैद्यकीय अभियांत्रिकी' हे शब्द त्यांना एका दमात वाचता येत नाहीत. पहिले वर्षभर मलाही येत नव्हते.

माझा डावा पाय गुडघ्याखाली कृत्रिम आहे. तो माझ्या मालकीचा आहे, हे पुढे महत्त्वाचे ठरणार असल्याने आत्ताच नमूद करतो.

१. पडताळणीच्या दिवशी हृदयाची नळी गळत होती. टेबलाखाली शिरताना पाय आड येतो, म्हणून तो काढून मी टेबलावर उभा केला आणि आत सरकलो. तेवढ्यात भांडारपाल आले. वहीत वस्तू चौदा, दालनात तेरा; चौदावी म्हणजे गुडघ्याचा सांधा, तो दोन वर्षांपूर्वी दुरुस्तीला गेला तो गेलाच. टेबलावरचा पाय दिसताच भांडारपालांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी त्यावर '१४' अशी चिठ्ठी डकवली, वहीत 'चालू स्थितीत' असा शेरा मारला आणि खुशीत निघून गेले. मी खालून ओरडलो, पण तोंडात स्क्रू धरलेले होते.

२. दुसऱ्या दिवशी ही बाब मी त्यांच्या निदर्शनास आणली. भांडारपाल सज्जन गृहस्थ आहेत. "तुमचं म्हणणं शंभर टक्के पटतं हो," ते म्हणाले, "पण वही जुळलीय. माझ्या अख्ख्या नोकरीत पहिल्यांदा जुळलीय. आता तुमचा पाय वगळला तर मी तोंडघशी पडेन." त्यांचा चेहरा पाहून मी चिठ्ठी तशीच राहू दिली.

३. प्रदर्शनवस्तू परवान्याशिवाय बाहेर नेता येत नाही. त्याच संध्याकाळी फाटकावर पहारेकऱ्याने मला अडवले. "काका, तुम्ही खुशाल जा, पण पाय राहू द्या," असे तो म्हणाला, आणि लगेच स्वतःच ओशाळला. तेव्हापासून मी रोज परवाना घेतो. कारणाच्या रकान्यात 'घरी जाणे' असे लिहितो. परतीची वेळ सकाळी साडेनऊ. पहिल्याच साप्ताहिक सुट्टीमुळे पाय एक दिवस उशिरा परत आला, त्याबद्दल मला लेखी समज मिळाली; आता सुट्टीपुरता परवाना दोन दिवसांचा घेतो. घरी पत्नी दारातच विचारते, "आज रीतसर आणलात, की पळवून?" मला यात हसण्यासारखे काही दिसत नाही. तिला दिसते.

४. हेही मी चालवून घेतले असते. परंतु आपल्या आदेशानुसार, मुलांच्या हाताळण्याने झिजलेल्या वस्तू येत्या शुक्रवारपासून काचेआड जाणार आहेत आणि त्यांवर 'हात लावू नये' अशी पाटी लागणार आहे. त्या यादीत क्रमांक १४ सर्वांत वर आहे. तो झिजला आहे हे खरे, पण मी त्यावर चालतो, हेही विचारात घ्यावे. पाय कपाटात गेल्यावर मी काम कसे करावे, असे विचारता भांडारपालांनी बराच विचार करून सुचवले की मीही दहा ते पाच कपाटातच उभे राहावे. हवेसाठी वर भोके पाडून देण्याची त्यांची तयारी आहे.

५. पाय वहीतून वगळावा, हा सरळ उपाय. तसा अर्ज मी लिहायलाही घेतला होता. मग नियमावली पाहिली. कर्मचाऱ्याची खासगी वस्तू प्रेक्षकांना हाताळायला देण्यास मनाई आहे. म्हणजे वहीत राहिला तर काचेआड, वहीबाहेर गेला तर पँटआड. मुलांचा हात काही त्याला लागणार नाही, आणि माझे गाडे तिथे अडले.

गेल्या शनिवारी नऊएक वर्षांची एक मुलगी कुबड्या घेऊन मावशीबरोबर आली. तिच्यासाठी तयार झालेला पाय तीन महिने पलंगाखाली खोक्यात पडून आहे, ती त्याच्याकडे बघतही नाही, असे मावशीने मला बाजूला घेऊन सांगितले. मी पँट दुमडून काम करत होतो, आणि मुलगी अर्धा तास लांबूनच माझ्या पायाकडे पाहत होती. मग तिने विचारले, "रात्री हा कुठे झोपतो?" खुर्चीखाली, बुटासकट, असे मी सांगितले. मी पाय काढून तिच्यासमोर ठेवला आणि षटकोनी चावी दिली. घोट्यावरचा स्क्रू तिने नको तितका फिरवला. तो पाय लावून मी बदकासारखा चाललो. मुलगी पोट धरून हसली आणि मावशी रडायला लागली. नंतर मुलीने मला पुन्हा बसवले, स्क्रू अर्धा फेरा मागे घेतला, चालायला लावले, आणखी थोडा घेतला. चौथ्या खेपेला मी सरळ चाललो. एकोणीस वर्षांत माझा पाय इतका नीट कोणी बसवला नव्हता. जाताना ती म्हणाली, "माझा टकटक वाजतो. पुढच्या शनिवारी आणते, आपण बघू."

महोदय, हे काचेतून होत नाही. आपल्या दालनातल्या वस्तू मुलांच्या हातांनी झिजतात, याचा मला आजवर अभिमानच वाटत आला आहे. म्हणून विनंती की, आदेश मागे घ्यावा; ते शक्य नसेल तर निदान क्रमांक १४ त्यातून वगळावा. पाय वहीत राहिला तरी माझी हरकत नाही.

दोन्ही शक्य नसल्यास इतकेच कळवतो की, शनिवारी अकरा वाजता मी दालनात असेन, पाय काचेबाहेर असेल आणि चावी तिच्या हातात असेल. आदेशभंगाची नोटीस मी सोमवारी सही करून घेईन. शनिवारी मात्र ती द्यायला कोणाला पाठवू नये. मुलगी खोकं घेऊन येते आहे.

आपला नम्र, आणि या वेळी थोडा हट्टी,
(सही)
तंत्रज्ञ, 'शरीर आणि यंत्र' दालन
बुधवार, दि. ११

सोबत :
१) 'घरी जाणे' या कारणाचे परवाने, बावीस.
२) पाय विलंबाने परत केल्याबद्दलची समज, एक.
३) मुलीने पेन्सिलीने काढलेली घोट्याच्या स्क्रूची आकृती. मापे मी तपासली, बरोबर आहेत.