संत्र्याची सल

सर, अंदमानात तुमचं फुलपाखरू दिसलं. काळं कुळकुळीत, मागच्या पंखांवर फिकट निळा पट्टा, शेपूट नाही. तुम्ही सांगायचात तस्संच.

तुमच्या प्राणिशास्त्रात नापास झालो आणि संत्र्याच्या कलमांवर पोट भरायला लागलो. आता कळमन्याच्या फळबाजारात लोक मला शेठ म्हणतात. तुमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं अंदमानातून लिंबाच्या डहाळीवर ह्याच फुलपाखराच्या अळ्या आणल्या, तेव्हा तुम्ही निरोप धाडलात, "औषध न मारलेलं कलम दे गा." मी कुंडीच घेऊन आलो. म्हटलं, "सर, आम्ही ह्या अळ्या चिरडतो, तुम्ही पोसून राहिले!" तुम्ही हसलात, "बागवाल्याईले सांगू नको, वस्तीतून हाकलतील मले." आधी पाखराच्या शिटेसारख्या दिसणाऱ्या अळ्या पुढे हिरव्यागार झाल्या. त्यांतली एकच जगली. आपल्याकडच्या निळ्या फुलपाखराची अळीही अशीच असते, खरी ओळख पंख उघडल्यावर, असं म्हणत तुम्ही कुंडीभोवती घिरट्या घालायचात.

तो दिवस मला अजून दिसतो. तुमच्या घरी काकू चहा करताहेत, तुम्ही कप आणायला आत गेलात. मी गॅलरीत एकटा. संत्र्याचं झाड दिसलं की त्यावरची वाळकी काडी, आमच्या भाषेत सल, छाटायची, ही हाताची खोड. खिशातून कात्री काढतो, छाटतो, काडी मुठीत मोडतो, आणि बोटं ओली होतात. काडीला काडीच्याच रंगाचा कोष चिकटलेला होता.

तुम्ही दोन कप घेऊन बाहेर आलात. माझ्या हाताकडे पाहिलंत. "सल काढली का? बरं केलं, झाड वाचलं." मी चहा प्यायलो. निघालो तर दाराआडून तुमचा आवाज आला. माझे कान तिखट, नको ते ऐकतात. "त्याले काही बोलू नको वं. हाताले सवय आहे त्याच्या, तो काय करंल?"

काकू खरंच कधी काही बोलल्या नाहीत. तुम्ही गेल्यावरही दिवाळीला फराळ धाडतात.

अंदमानात सोबतच्यांनी विचारलं, "शेठ, कोणतं हो हे?" नाव ओठांवर आलं होतं. म्हणालो, "काय की बाप्पा." ते नाव आधी तुम्ही सांगायचं होतं, त्या कोषातून पंख उघडल्यावर.

हे पत्र काकूंनाही दाखवणार नाही. दाराआडचं ते ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं, सर. मला सुटल्यासारखं वाटलं होतं.