वाढत्या अंगाची काठी

आई,

गेल्या महिन्यात घोडबंदर रोडवरच्या एका दुकानात एका माणसाने टेप लावून माझं मनगट जमिनीपासून किती उंच आहे ते मोजलं, आणि मला तुझी इतकी आठवण आली की मी उगाचच त्याच्याकडे पाणी मागितलं. दुकान गोल्फच्या सामानाचं. इकडे आता अशीही दुकानं निघाली आहेत. मोहन्याला कारखान्याच्या कॉलनीत आपला एक चेंडू नाल्यात गेला तर घरात दोन दिवस सुतक असायचं, आणि इथे चेंडूंच्या टोपल्या भरून ठेवलेल्या, भाजीवाल्याकडे लिंबं असतात तशा. तू असतीस तर दोन उचलून, दाबून, भाव विचारून परत ठेवले असतेस.

दुकानात जायची वेळ मनगटामुळे आली. गेल्या वर्षी सोसायटीच्या लॉबीत ओल्या फरशीवर पाय घसरला आणि डावं मनगट मोडलं. आत धातूची पट्टी बसवली, प्लॅस्टर निघालं, व्यायाम झाले. तुझी मुलगी असल्यामुळे व्यायामात चुकारपणा केला नाही. पोळ्या लाटता यायला लागल्या, कपडे पिळता यायला लागले. मग एका सकाळी तुझी ती सात नंबरची गोल्फची काठी घेऊन मैदानावर गेले, आणि पहिल्याच फटक्याला मनगटापासून कोपरापर्यंत अशी कळ गेली की मी तिथेच गवतात बसले. डॉक्टर म्हणाले, "खेळा, पण ती लोखंडी काठी सोडा. तिच्याशिवाय जमत नसेल तर खेळ सोडा." घरी आल्यावर आमच्या ह्यांनी त्यात भर घातली. "अगं, साठी उलटली. कॅरम खेळ, मी पण येतो जोडीला." मी दोन्ही ऐकलं नाही. खेळ सोडते असंही म्हटलं नाही आणि काठीही सोडली नाही. बॅग बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या मागे ढकलली आणि कित्येक महिने तिकडे बघितलं नाही. मला भीती वाटत होती, आई. तुझं घर गेलं, तुझ्या साड्यांच्या गोधड्या झाल्या आणि त्याही विरल्या. तुझा हात जिथे होता तिथे माझा हात ठेवायला ती एकच वस्तू उरली होती. ती सोडली की तू पुरती गेलीस, असं वाटत होतं.

ती काठी आपल्या घरात कशी आली ही गोष्ट तू इतक्या वेळा सांगितलीस की मी तिथे हजर होते असंच मला वाटतं. तू कारखान्याच्या दवाखान्यात नर्स. कुठल्याशा साहेबांच्या बायकोचा हात तेलाने भाजला, आणि ड्रेसिंगला तू रोज त्यांच्या बंगल्यावर जायचीस. बाईंना गोल्फचं वेड, आणि हात बांधलेला. मग त्या तुला मागच्या मैदानात न्यायच्या, काठी तुझ्या हातात द्यायच्या आणि स्वतः खुर्चीत बसून शिकवायच्या. म्हणजे त्या तुझ्या हातांनी खेळत होत्या. हात बरा झाला तोवर तुला नाद लागला होता. बदली होऊन जाताना त्यांनी तुला सात नंबरची ती काठी दिली. बाबा म्हणाले, "साडी दिली असती तर नेसता तरी आली असती." तू खंडेनवमीला विळी, शिलाई मशीन आणि तुझ्या सुयांची डबी पाटावर मांडलीस तेव्हा शेजारी ती काठीही ठेवलीस, हळद-कुंकू लावून, झेंडूचं फूल वाहून. त्या दिवशी विळी चालवायची नाही म्हणून भाजी आदल्या दिवशी चिरलेली असायची, आणि त्याच न्यायाने गोल्फलाही सुट्टी.

कॉलनी आणि नदी यांच्या मधलं ते मैदान. नावाला गोल्फचं, एरवी म्हशींचं. खड्डे तीनच, आणि त्यातल्या एकात पावसाळ्यात बेडूक. साहेबलोक रविवारी सकाळी खेळायचे. बाकी आठवडा ते आपलं. तू सकाळपाळी संपवून येतेस, चहा पितेस, पदर खोचून कॅनव्हासचे बूट घालतेस आणि काठी खांद्यावर टाकून निघतेस. चाळीतली एखादी विचारतेच, "नर्सबाई, काठी घेऊन कुठं?" आणि तू मागे न बघता म्हणतेस, "साप मारायला. येतेस?" मी तुझ्यामागून चेंडूची पिशवी घेऊन पळते आहे.

मी सातवीत गेले तेव्हा तू ठरवलंस की आता मीही मारायचं. काठी माझ्यापेक्षा खूप लांब होती. तू ती कापून घ्यायला कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये नेलीस. तिथल्या मिस्त्रीने माझ्याकडे बघून खूण केली, आणि तू त्याचा हात धरलास. "एवढी नको. दोन बोटं जास्त ठेवा. पोर वाढेल." माझा फ्रॉक वाढत्या अंगाचा, स्वेटर वाढत्या अंगाचा, चपला अशा की चालताना टाळ वाजावेत. मग काठी तरी कशी सुटणार? "आत्ता खाली धर," तू सांगितलंस, "उंची वाढली की वर सरक." मी दोन बोटं खाली धरायला लागले. गोल्फच्या काठीला उसवायला दुमड नसते, ती आज मापात नसेल तर आजचा फटका बिघडतो, हे तुला कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी तू दोन बोटं ठेवली असतीसच.

आणि दुसरी शिकवण मान वर न करण्याची. "मारल्यावर चेंडू होता तिथेच बघत राहायचं. तो कुठे जातो ते बघायचं काम माझं." म्हणून लहानपणी मी माझा एकही चेंडू उडताना बघितला नाही. मी जमिनीकडे बघत विचारायचे, "कुठे गेला?" आणि मागून तुझा आवाज यायचा, "मधोमध." मग आपण दोघी तो बेशरमाच्या झाडीतून काढायचो आणि तू म्हणायचीस, "होता मधोमधच. नंतर वळला मेला." एकदा मला राहवलं नाही. मी मान वर केली, काठी जमिनीत रुतली, चेंडू तसाच. तू रागावली नाहीस, त्याहून वाईट केलंस. शांतपणे विचारलंस, "माझ्यावर भरवसा नाही का तुझा?" दवाखान्यात सुई टोचताना लोकांना दुसरीकडे बघायला लावणारी तू. तुझ्या शब्दावर लोक डोळे मिटायचे. त्यानंतर मी कधी मान वर केली नाही.

डोंबिवलीच्या फ्लॅटमधली तुझी शेवटची वर्षं मला आठवतात तेव्हा आधी तो रविवार आठवतो. काचबिंदूने तुझी नजर जवळजवळ गेली होती, तरी मी खेळायला निघाले की तू चप्पल घालून दारात तयार. ठाण्यापुढच्या सरावाच्या मैदानावर मी तुझी खुर्ची माझ्या मागे मांडायचे. त्या दिवशी माझा फटका साफ चुकला. चेंडूला वरून काठी लागली, नुसता आवाज झाला आणि चेंडू चार पावलांवर गवतात थांबला. मागून तुझा आवाज आला, "मधोमध." मी चेंडूकडे बघत म्हटलं, "हो, छान गेला." तू मान हलवलीस. समाधान होतं तुझ्या चेहऱ्यावर. पुढच्या पावसाळ्यात तू गेलीस.

तर दुकान. माणूस चाळिशीचा, ठाण्यातलाच, बोलायला मोकळा. मी बॅगेतल्या सगळ्या काठ्या काढून मांडल्या. बाकीच्या मी नोकरी लागल्यावर एकेक जमवलेल्या, सगळ्या लोखंडी दांड्यांच्या. त्याने नेमका तुझा सात नंबर उचलला आणि मूठ उलटीसुलटी करून पाहिली.

"मॅडम, एक विचारू का? ही ग्रिप वरती एकदम कोरी आहे आणि खाली पार घासलीय. एवढी खाली का धरता?"

"आई म्हणालेली, उंची वाढली की वर सरक."

"मग?"

"वाढले नाही."

तो हसला. मग म्हणाला, "माझी मम्मी शाळेचे बूट दोन नंबर मोठे घ्यायची. पुढे कापूस कोंबलेला. दहावीला गेलो तरी कापूस निघाला नव्हता." त्याने टेप पुन्हा लावली आणि जरा अवघडून सांगितलं की माझी उंची मी सांगितली त्याहून थोडी कमीच भरते. या वयात होतं असं. म्हणजे तू दोन बोटं माझ्या वाढीसाठी ठेवलीस आणि मी उलट्या बाजूला निघाले.

त्याने मला दांड्यांचं शास्त्र समजावलं. लोखंडी दांडा जड, चेंडू जरा वावगा लागला की सगळा हादरा हातात येतो. ग्राफाइटचा दांडा हलका, तो हादरा वाटेतच जिरवतो. शिवाय दांडा किती लवतो त्याप्रमाणे त्याच्या जाती: कडक, रेग्युलर, सीनियर, लेडीज. मी लगेच म्हटलं, "रेग्युलर द्या." मला सीनियर म्हणवून घ्यायचं नव्हतं, आई, बसमध्ये कोणी उठून जागा दिली तरी मला राग येतो. तो म्हणाला, "आधी मारून तर बघा, नाव नंतर बघू," आणि त्याने सगळ्या दांड्यांवरच्या नावांवर कागदी पट्ट्या चिकटवल्या. समोर जाळी होती. पहिल्या दांड्याने मनगट कुरकुरलं. दुसऱ्याने कोपर. तिसऱ्याने मारलं आणि मी वाट बघत राहिले, की आता कळ येईल. आली नाही. काठीचं डोकं आपल्याआप फिरून आलं, झोपाळा परत येतो तसं. त्याने पट्टी काढली. सीनियर. मी दांडा त्याच्या हातात ठेवला आणि त्यानेही शहाण्यासारखा पुढचा हिशेब सांगायला घेतला. मूठ जाड घ्यायची, म्हणजे आवळून धरावी लागत नाही. डोकं रुंद तळाचं, जमिनीत न रुतणारं. पाच नंबरची लांब काठी घ्यायचीच नाही, तिच्या जागी फुगीर, गोल डोक्याची एक काठी, ती म्हणे म्हाताऱ्यांची मैत्रीण.

शेवटी त्याने विचारलं, "लांबी? मापात कापू, की थोडी ठेवू? तुम्हाला खाली धरायची सवय आहे म्हणून विचारतो."

दोन बोटं ठेवा, हे माझ्या अगदी ओठांवर होतं. तुझ्याच आवाजात. मग म्हटलं, "मापात कापा. मी आता वाढायची नाही." आणि बाहेर येऊन गाडीत बसले, समोर घोडबंदरचा रस्ता नेहमीसारखा तुंबलेला, आणि त्या गर्दीत मी मनसोक्त रडले. शेजारच्या रिक्षावाल्याला वाटलं असेल, बाई ट्रॅफिकला कंटाळल्या. तुझा सात नंबर आता देवघराशेजारच्या कोपऱ्यात उभा आहे. खंडेनवमीला पाटावर येईल. नवीन काठ्यांना तेव्हा झेंडू मिळेल की नाही ते त्यांच्या वागण्यावर अवलंबून.

आज सकाळी पहिल्यांदा त्या घेऊन मैदानावर गेले. बॅग उचलायची मला मनाई म्हणून हे बॅगेची गाडी ओढायला आले होते. दव होतं, डोंगर अजून निळे होते. मी नवा सात नंबर घेतला आणि तो अगदी वर, टोकाला धरला. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा वर सरकले, आई. मारला. मनगटात काही नाही, कोपरात काही नाही. इतका गोड फटका तुझ्या काठीने मला कधी लागला नव्हता, आणि हे लिहिताना तुझ्याशी बेइमानी केल्यासारखं वाटतंय. माझी मान खाली, नजर चेंडू होता त्या जागेवर. मी विचारलं, "कुठे गेला?"

"कोण गेला?" हे मोबाइलमधून डोकं काढून म्हणाले.

मागे तुझी खुर्ची नाही हे मला काय माहीत नव्हतं? इतकी वर्षं मी तुझ्याशिवायच खेळते आहे. पण इतकी वर्षं तुझी काठी हातात होती, तेव्हा विचारायची गरज पडली नव्हती. आज हातही रिकामा होता आणि पाठही. मी तशीच उभी राहिले, आणि तू हवी होतीस, एवढंच वाटत होतं. एक शब्द बोलायला. खरा नसला तरी चालला असता.

हा कागद बॅगेच्या ज्या कप्प्यात हातमोजा असतो तिथे ठेवणार आहे. तो तिथेच राहील. तुला वाचून दाखवायलाही मीच लागले असते म्हणा. फक्त एक सांगायचं राहिलं. ह्यांनी पुन्हा विचारलं, "अगं, कुठे गेला काय?" तेव्हा मी म्हटलं, "चेंडू. मधोमध गेला." पुढे तो उजवीकडच्या झाडीत सापडला. मी पाहिलंच नव्हतं, आई. मान अजून खालीच होती.