कारणे द्या : गुण पाच

प्रिय यांगझोम,

पत्राला उशीर झाला म्हणून माफी मागत नाही. किती वर्षांचा उशीर ते मोजायला बसलो तर पत्र तिथेच संपेल. इकडे सगळं ठीक आहे. माझे गुडघे कुरकुरतात, संत्री यंदा आंबट निघाली, आणि शाळेच्या पत्र्यावर वाळत घातलेल्या मिरच्यांवर रोज सकाळी धुकं येऊन बसतं ते दहा वाजेपर्यंत हलत नाही. मी आता मुख्याध्यापक आहे, म्हणजे घंटा कुणी वाजवली नाही तर मी वाजवतो. सोमवारी दहावीची परीक्षा सुरू झाली आणि तुझी फार आठवण आली.

परीक्षेला पहारा करताना माणूस जागेपणी झोपतो, हे तुला सांगायला नको. पाय न वाजवता चालायचं, खिडकीतून धुकं आत येतंय की ही पोरांच्या श्वासाची वाफ आहे ते बघत राहायचं. पेनांची कुरकुर लांबून ओढा ऐकू यावा तशी येते. अशा वेळी मला नेहमी तुझी डोंगरापलीकडची शाळा दिसते. चौदा वर्षांपूर्वी तिथे रस्ता नव्हता. प्रश्नपत्रिकांची पेटी खेचरावर, तिच्यामागे मी, आणि माझ्यामागे दमेकरी सांगे मास्तर, वाटभर माझ्या चालीला नावं ठेवत. दोघांना तुझ्याकडे पहाऱ्यासाठी पाठवलं होतं. चढ संपतो तिथे तू लोणीचहाची किटली घेऊन उभी होतीस आणि पहिलं वाक्य काय, तर, "दोफू, किती सुकलास रे! तुझ्या शाळेत जेवायला घालत नाहीत का?"

कॉलेजात असल्यापासून तुझं एकच भांडण होतं. पोरांना धडा येतो, पण इंग्रजी प्रश्नातला तो एक हुकमाचा शब्द काय मागतोय तेच कळत नाही, आणि गुण जातात. वर्णन करा म्हटलं की कारणं लिहितात, कारणे द्या म्हटलं की वर्णन करत सुटतात. वरच्या कुरणातल्या तुझ्या गेंबोला गाय आणि याक यांची तुलना करायला सांगितली, तर पठ्ठ्याने दोन पानं नुसत्या याकवर लिहिली, आणि शेवटी 'गायीबद्दल माझी काही तक्रार नाही' अशी पुस्ती जोडली. ते सांगताना तू हसून हसून किटली सांडलीस. मग डोळे पुसत म्हणालीस, "पण यंदा एक युक्ती जमलीय. पेपर संपू देत, मग सांगते." मी काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी भूगोलाचा पेपर. बावीस पोरं, बाकं थंडगार, सगळीकडे दुधासारखा उजेड. मी अर्धा झोपेत होतो. आणि मला दिसलं की पोरांचे हात हलतायत. पहिल्या बाकावरच्या मुलीने पापणीला बोट लावलं आणि लिहायला लागली. तिच्यामागच्याने हात पाठीमागे नेऊन कमरपट्ट्यावर टेकवला. कुणी एकच बोट वर करून गप्प बसलं, कुणी दोन्ही तळवे तराजूसारखे धरले. आणि गेंबोने तर सरळ अंगातल्या घोच्या छातीवरच्या खोळीत हात घातला, जिथे आपण वाटीपासून विड्यापर्यंत सगळं कोंबतो, आणि कॉपी करणारे चिठ्ठ्याही. त्याच संध्याकाळी परीक्षा मंडळासाठी अहवाल लिहून झाला. चार पानी. कोणत्या बाकावर, किती वाजता, कोणी कुठे हात लावला, सगळं.

निकाल रोखले गेले. तू खुलासा लिहिलास, तो महिनाभरात सगळ्या शिक्षकांत फिरला, मीही वाचला. एक बोट म्हणजे एका शब्दात लिहा. पापणी म्हणजे वर्णन करा, डोळ्याला दिसतं तेवढंच. पाठीमागे हात म्हणजे कारणे द्या, मागे काय आहे ते बघा. खोळीत हात म्हणजे तुमचं मत मांडा, स्वतःजवळ असेल ते काढा. पोरं उत्तरं पुरवत नव्हती, प्रश्न समजून घेत होती. पण 'हे हातवारे मीच शिकवले' असं तू लिहिलंस, आणि मंडळाला तो कबुलीजबाब वाटला. पोरांना वर्षभराने पुन्हा बसायला लावलं. बावीसपैकी अकराच आली. गेंबो कुरणात गेला तो गेलाच. तुझी दक्षिणेला बदली झाली. सांगे मास्तरांशी तू बोलणं टाकलंस, ते वारले तेव्हा दिवाही लावायला आली नाहीस. मी एका शब्दानेही तुला अडवलं नाही. आपण दोघांनी एकाच शाळेत बदली मागायची ठरवली होती, तो अर्ज मी भरलाच नाही. का नाही भरलास, असं तू पत्रातून विचारलंस, तेव्हा मी तुला दक्षिणेतल्या उन्हाळ्याचं आणि डासांचं वर्णन करून पाठवलं.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे नवीन बाई आल्या. चोकी. पहिल्या बाकावरची, पापणीला बोट लावणारी. मी तिला ओळखलं नाही, तिने मला ओळखलं. "सर, तुम्ही आमच्या यांगझोम मॅडमचे मित्र ना? त्या सांगायच्या, दोफूइतका सरळ माणूस नाही." मी खोकल्याचं निमित्त काढून बाहेर गेलो. मग एकदा तिच्या वर्गावरून जाताना पाहिलं, तर तीस पोरं पाठीमागे हात लावून बसलेली, आणि ती ओरडतेय, "मागे काय आहे? नदीनं वाट बदलली हे दिसलं मला, पण का बदलली रे सोन्या?"

सोमवारी बाहेरून एक तरुण पहारेकरी आला. चांगला मुलगा आहे, बूट चकचकीत, नियम तोंडपाठ. तासाभराने त्याने वही काढली. मी बघत होतो. कोपऱ्यातल्या एका मुलाचा हात खोळीत होता, आणि हा घड्याळ बघून वेळ टिपत होता. मी जाऊन त्याच्या वहीवर हात ठेवला. म्हटलं, आधी त्या पोराला विचार. तो चिडला. "सर, नियमात बसत नाही." मी म्हटलं, नियम मी सांभाळतो, तू फक्त विचार. तो गेला, वाकला, कुजबुजला. पोराने खोळ उलटी करून दाखवली. एक वाळकी मिरची आणि गोट्या. पहारेकरी परत आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. "मत मांडायचंय म्हणे," एवढंच बोलला.

पेपर सुटल्यावर मी चोकीला मिरच्यांच्या पत्र्याखाली बोलावलं आणि सांगितलं, की सांगे मास्तर त्या दिवशी दम्याने बेजार होऊन दाराशी बसले होते, त्यांनी काहीच पाहिलं नव्हतं. तो अहवाल माझा होता. ती रडेल, शिव्या देईल, असं वाटलं होतं. ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिचा हात हळूच पाठीमागे गेला आणि कमरेवर टेकला. तशीच उभी राहिली, पोरांसमोर राहते तशी. मी म्हटलं, उत्तर आहे, पण ते आधी एका बाईंना द्यायचंय.

तर दे लक्ष, यांगझोम. माझ्या शाळेला रस्ता होता, वीज होती, पुस्तकांची दोन कपाटं होती. आदल्या वर्षी माझी अर्धी पोरं नापास झाली, आणि तुझी, खेचराच्या वाटेवरची, झाडून सगळी पास. लोक मला तुझं उदाहरण द्यायचे. त्या दिवशी पोरांचे हात हलताना दिसले तेव्हा मला धक्का बसला नाही. मला बरं वाटलं. अस्सं होय, म्हटलं. एका पोराला जरी विचारलं असतं, तरी ते बरं वाटणं संपलं असतं, म्हणून विचारलं नाही. संध्याकाळी तू मला जेवायला घातलंस, चीज घातलेल्या मिरच्या आणि लाल भात, आणि नको म्हणत असताना आणखी वाढलंस. ती चार पानं तेव्हा माझ्या खोळीत होती. वाकून घास घेताना कागद वाजायचा, आणि मी खोकायचो, आणि तू गरम पाणी आणून द्यायचीस. हे सगळं सहीनिशी मंडळालाही लिहून पाठवलंय, नक्कल सोबत आहे. हे पत्र वाचून झालं की चोकीला दोन ओळी लिही. मी तुला खरंच कारण लिहिलं का, असं ती तुलाच विचारणार आहे.

तुझाच, असं लिहायचा हक्क मी त्या संध्याकाळी घालवला, तरी दुसरं काही सुचत नाही,

तुझाच
दोफू