उंदरांनी सोललेली रोपं

ती. आईस,

इथूनच तुझ्या पाया पडते. मी मजेत आहे, दोन्ही वेळा पोटभर जेवते, तेव्हा आधी काळजी सोड.

गेल्या महिन्यात मात्र माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. मी जंगलात लावलेली रोपं एकेक करून वाळायला लागली. आमचे वनखात्याचे साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "पाणी घालायचा कंटाळा केलास!" रडूच आलं. मग गुडघ्यांवर बसून गवत बाजूला केलं, तर बुंध्याची साल गोल कुरतडलेली! गवताआड उंदरांची मेजवानी चालली होती.

साहेबांना तिथंच खाली बसवलं आणि दातांच्या खुणा दाखवल्या. मग आम्ही प्रत्येक रोपाभोवतीचं हातभर गवत काढलं. उघड्यावर यायला उंदीर घाबरतात, वर घुबड टपलेलं असतं ना! तेव्हापासून एकही रोप गेलं नाही. काल साहेब सगळ्यांसमोरच म्हणाले, "चुकलंच माझं, बाई."

हात जरा सोलवटलेत, मलम लावते.

बाबांचा खोकला खरंच गेला, की तूही माझ्यासारखी चांगलं तेवढंच लिहितेस? साहेबांनी आपणहून आठ दिवसांची रजा दिलीय. रविवारी पोचते आणि बाबांच्या छातीला मीच कान लावून ऐकते.

तुझी,
थोरली